कीबोर्ड एक, विंडो तीन

प्रश्न : मी एका ऑनलाइन गेमच्या तीन विंडो एकाच वेळी उघडतो, तिन्ही अकाउंट माझीच. ऑटोहॉटकीत बसवलेल्या हॉटकी तिन्हींत चालतात, वर ब्राउझरमध्येही. शिवाय खेळता खेळता कीबोर्ड मराठी होऊन बसतो. ताई टायपिंगच्या परीक्षेची तयारी करते, त्यामुळे इनस्क्रिप्ट काढता येत नाही.
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ताईचं इनस्क्रिप्ट राहू द्या, दोष त्याचा नाही. विंडोजमध्ये डावं आल्ट आणि शिफ्ट जोडीनं दाबलं की भाषा बदलते, आणि गेममध्ये पळायला शिफ्ट बहुधा लागतंच. मग चॅटमध्ये डब्ल्यू, ए, एस टाइप करावं तर ऐकार, ओकार, एकार उमटतात! सेटिंग्जमध्ये ‘टायपिंग’खाली ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’ उघडा आणि ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’मध्ये ही जोडी ‘नॉट असाइन्ड’ करा. ताईचं काम विंडोज आणि स्पेस या कींनी भागतं. प्रत्येक विंडोची भाषा वेगळी ठेवायचा पर्यायही तिथेच आहे, तोही निवडा.

आता हॉटकी. ऑटोहॉटकीत हद्द आखून दिली नाही, तर हॉटकी सगळीकडे चालते. आवृत्ती २ मध्ये ही हद्द ‘हॉटइफ’नं आखतात. बहुतेक जण तिथे गेमच्या प्रोग्रॅम फाइलचं नाव देतात. त्यानं ब्राउझर सुटतो, पण तिन्ही विंडो एकाच फाइलच्या असल्यानं खरा घोळ तसाच राहतो. म्हणून गेम सुरू झाल्यावर स्क्रिप्टनंच विंडोंची शीर्षकं बदलून घ्या – एक, दोन, तीन – आणि हद्द शीर्षकावर आखा. गेम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालत असेल, तर स्क्रिप्टही तशीच चालवा. नाहीतर तुम्ही की दाबत बसाल आणि काहीच होणार नाही. की बदलून देणाऱ्या ‘पॉवरटॉइज’ या साधनाच्या नादी इथे लागू नका, एकाच प्रोग्रॅमच्या विंडो ते वेगळ्या ओळखत नाही.

विचारलं नाहीत, तरी सांगतो. एकदा की दाबून ती तिन्ही विंडोंत पाठवायचा मोह होईल. ‘ईव्ह ऑनलाइन’नं १ जानेवारी २०१५ पासून त्याला बंदी घातली, ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’नं नोव्हेंबर २०२० मध्ये. अनेक अकाउंट दोन्हीकडे चालतात, पण एका दाबण्याचं काम एकाच विंडोत व्हावं लागतं. तुमच्या गेमचा नियम वाचल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. बंदी आली तर तिन्ही अकाउंट एकदमच जातील.