धानाची बांधी आणि सरासरी

परीक्षा जवळ आली की सांख्यिकी आणि संभाव्यता या दोन प्रकरणांची पुष्कळांना धास्ती वाटते. मध्य, मध्यक, बहुलक हे शब्द सारखेच वाटतात आणि ऐन वेळी त्यांची अदलाबदल होते. म्हणून आज आपण पुस्तक बाजूला ठेवू आणि आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या धानाच्या शेतात जाऊ. उजळणी तिथेच करू.

धान कापणीला आले की शेतात 'पीक कापणी प्रयोग' होतो. गावातले सगळे धान मोजणे शक्य नसते. म्हणून काही शेते चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडतात. त्या शेतांत ठरावीक मापाचा तुकडा आखतात, तेवढेच धान कापून, मळून, तोलतात. थोड्यावरून सगळ्याचा अंदाज घेण्याच्या या रीतीला नमुना पद्धत म्हणतात. आई भाताचे एकच शीत दाबून सारा भात शिजला की नाही हे ओळखते, तसेच हे आहे. मात्र शीत कोठूनही उचलले पाहिजे. सडकेलगतची, चांगली दिसणारी बांधीच निवडली, तर अंदाज फसतो.

समजा, ५० चौरस मीटरच्या सात तुकड्यांत किलोग्रॅममध्ये असे धान मिळाले: १५, १८, १६, १८, ३, १७, १८.

पहिला प्रश्न, मध्य किती? मध्य म्हणजे सरासरी. घरी आपण तिला औसत म्हणतो. सर्व संख्यांची बेरीज १०५. तिला ७ ने भागले की १५. मध्य १५ किलोग्रॅम.

दुसरा प्रश्न, मध्यक किती? येथे संख्या आधी चढत्या क्रमाने मांडाव्या लागतात: ३, १५, १६, १७, १८, १८, १८. मधली, म्हणजे चौथी संख्या १७. मध्यक १७. मी दहावीत असताना संख्या क्रमाने न मांडताच मधली संख्या लिहून आलो होतो. बेरीज, भागाकार सारे येत होते, पण दोन गुण गेले. तुम्ही तशी घाई करू नका. संख्यांची एकूण मोजणी सम असेल, तर मधल्या दोन संख्यांची सरासरी काढावी, हेही ध्यानात ठेवा.

तिसरा प्रश्न, बहुलक किती? सर्वांत जास्त वेळा आलेली संख्या १८. बहुलक १८.

एकाच शेतमालाच्या तीन उत्तरांत एवढा फरक कसा आला? त्या एका '३' मुळे. समजा, त्या बांधीत तुडतुडे पडले आणि धान करपले. त्या एका संख्येने मध्य खाली ओढला. मध्यक मात्र फारसा हलला नाही.

आता कोणी म्हणेल, "सर, ती ३ वेगळीच दिसते. खोडून टाका." खोडून पाहू. उरलेल्या सहा संख्यांची बेरीज १०२, मध्य १७. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, म्हणजे असे २०० तुकडे. तेव्हा ३ धरून हेक्टरी ३,००० किलोग्रॅम, म्हणजे ३० क्विंटल. ३ खोडून ३४ क्विंटल. फरक चार क्विंटलांचा.

हा फरक केवळ वहीतला नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत एका भागाचे सरासरी उत्पादन ठरलेल्या 'उंबरठा उत्पन्ना'शी ताडून पाहण्याची रीत आली. समजा, उंबरठा ३२ क्विंटल आहे. ३० आले तर घट २ क्विंटल, म्हणजे २/३२ किंवा १/१६. विम्याच्या रकमेचा तेवढा भाग शेतकऱ्याला मिळायला हवा. पण ३४ लिहिले तर काहीच नाही! एका संख्येवर फिरवलेली पेन्सिल किती घरांची चूल विझवू शकते, ते पाहा. १८ च्या जागी चुकून ८१ लिहिले गेले असेल, तर ती चूक दुरुस्त करावी. पण खरी संख्या नकोशी वाटते म्हणून कधीही खोडू नये.

या पद्धतीमागे एका मराठी माणसाचे मोठे काम आहे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ मध्ये सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसते, हे त्यांनी दाखवून दिले. कारण सोपे आहे. कडेवरची रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो. १ मीटर बाजूच्या चौरसात दर चौरस मीटरला ४ मीटर कड येते. १० मीटर × ५ मीटरच्या आयतात परिमिती ३० आणि क्षेत्रफळ ५०, म्हणजे फक्त ०.६ मीटर. कड कमी, तेवढी चूक कमी.

आता संभाव्यता पाहू. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून आपला जिल्हा वेगळा झाला. त्याचे तालुके आठ: गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव. आठ सारख्या चिठ्ठ्या डब्यात टाका आणि न पाहता एक काढा.

देवरी येण्याची संभाव्यता १/८. नावात 'अर्जुनी' असण्याची २/८. नावाच्या शेवटी 'गाव' असण्याची ३/८, आणि नसण्याची १ − ३/८ = ५/८. 'अर्जुनी' किंवा 'गाव' यांपैकी काही असण्याची? २/८ + ३/८ = ५/८ असे लिहाल तर चुकाल. अर्जुनी मोरगाव दोन्हींत मोजले गेले. ते एकदा वजा करा: ४/८, म्हणजे १/२.

आणखी एक गैरसमज. नाणे चार वेळा काटा पडले, म्हणून पाचव्यांदा छापाच पडेल असे नाही. नाण्याला मागचे आठवत नाही. संभाव्यता १/२ च राहते.

परीक्षेत उत्तर लिहिल्यावर दोन गोष्टी पडताळा. मध्य हा सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या संख्येच्या बाहेर जाऊ शकत नाही. संभाव्यता ० पेक्षा कमी किंवा १ पेक्षा जास्त असू शकत नाही. तसे उत्तर आले, तर गणित पुन्हा तपासा. आणि संख्या उतरवताना एवढे मनात ठेवा की प्रत्येक संख्येमागे कोणाचे तरी शेत असते.

शब्दार्थ
बांधी – धानाच्या शेताचा बांध घातलेला भाग
धास्ती – भीती
तुडतुडे – धानावर पडणारी एक कीड
ताडून पाहणे – तुलना करून तपासणे
कल – ओढा, झुकाव

स्वाध्याय
१. मध्यक काढताना प्रथम काय करावे?
२. '३' ही संख्या खोडणे अन्यायाचे का ठरले असते? चार-पाच वाक्यांत लिहा.
३. आठ चिठ्ठ्यांतून 'स' ने सुरू होणारे नाव येण्याची संभाव्यता काढा.
४. वाक्यात उपयोग करा: धास्ती वाटणे, ध्यानात ठेवणे, अंदाज फसणे.