राजगड ते तोरणा: भूक लागायच्या आधी खा

गुंजवण्यातून चोर दरवाज्याने राजगड, पद्मावती माचीवरून संजीवनी, अळू दरवाज्यातून बाहेर पडून धारेने तोरण्याची बुधला माची आणि वेल्ह्यात उतार. वाट एवढीच, तपशील कुठेही मिळेल. राजगड सुमारे पाव शतक स्वराज्याची राजधानी होता, हे काय सांगायचं! रविवारी पद्मावतीवर जत्रा असते, अळू दरवाज्यापलीकडे माणूस विरळ होतो.

तिथेच आमच्यातला सगळ्यात दणकट गडी बसला. दोनदाच जेवायचं व्रत, म्हणून सकाळचे पोहे नाकारलेले. संजीवनीपर्यंत तोच पुढे. मग हात थरथरू लागले, गार घाम सुटला, काही विचारलं की खेकसायचा. पाय दुखतात असं मात्र एकदाही म्हणाला नाही.

पायांत दाणागोटा होताच. स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम ग्लायकोजेन मावतं, यकृतात १००च्या आसपास. पण स्नायूंतला साठा ज्याचा त्यालाच. त्यातून रक्तात ग्लुकोज सोडायला लागणारं एन्झाइम स्नायूंत नसतं, यकृतात असतं. आणि यकृताचा साठा रात्रभरात बराचसा उपसला जातो. रक्तात एका वेळी जेमतेम चमचाभर ग्लुकोज, चार-पाच ग्रॅम. मेंदूच तासाला तेवढं संपवतो, त्यात चढावर मांड्याही ओढतात. पोटावरची चरबी ढीगभर असली तरी ती सावकाश जळते, आणि मेंदूला ती थेट चालत नाही. म्हणून आधी डोकं फिरतं, पाय नंतर.

सावलीत बसवून गुळाचे खडे, केळं, पाणी दिलं. पंधरा-वीस मिनिटांत गडी माणसात आला, आणि सावकाश का होईना, स्वतःच्या पायांनी वेल्ह्यात उतरला.

तेव्हा निघण्यापूर्वी पोहे किंवा भाकरी, आणि लांब चालीत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एक केळं आणि गुळाचा खडा, झाले तीस. नुसते शेंगदाणे नकोत. त्यात तेल जास्त, साखर कमी. ‘खरा ट्रेकर मध्ये खात नाही’ म्हणणाऱ्यांना खुशाल पुढे जाऊ द्या. गूळ डब्यात न्या. चिक्कीचे कागद संजीवनीच्या तटात पुरेसे खोचलेले आहेत.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी डोस आणि खाणं डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. आणि कुणी बेशुद्ध पडलाच, तर त्याच्या तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि मदत बोलवा.