चक्र संतुलनाला नेमके किती पैसे पडतात?

मुंबईच्या उपनगरांत चक्र संतुलनाची तासाभराची एक बैठक साधारणपणे ८०० ते २,५०० रुपयांना पडते. मीरा रोडच्या नया नगर किंवा शांती नगरमध्ये कुणी घरातच एक खोली राखून हीलिंग करत असेल, तर आकडा खालच्या टोकाला असतो. वातानुकूलित वेलनेस सेंटर असेल, तर तो वर चढतो. या कामाचं सरकारी दरपत्रक नाही आणि दर बांधून देणारी कुठली परिषदही नाही. समोरची व्यक्ती सांगेल तो भाव. म्हणून इथे घासाघीस करायला अजिबात संकोच करू नये.

मात्र एका बैठकीच्या दराने फसगत होते. खरा खर्च पुढच्या साखळीत असतो. पहिल्या भेटीत पेंडुलम फिरवून किंवा ऑरा स्कॅन करून ‘तुमची चार चक्रं बंद आहेत’ असं सांगितलं जातं आणि मग २१ दिवसांचं पॅकेज पुढे येतं. १,२०० रुपये दर धरला तर २१ बैठकांचे २५,२०० झाले. सुरुवातीचा आणि शेवटचा स्कॅन प्रत्येकी १,००० चा, म्हणजे आणखी २,०००. सात खड्यांचं ब्रेसलेट १,५०० ला. मग ‘तुमच्यात स्वतःच हीलर होण्याची क्षमता आहे’ म्हणून पहिल्या पातळीची दीक्षा ५,००० ला. बेरीज ३३,७००. आठशे-हजाराची चौकशी करायला गेलेली बाई दोन महिन्यांत एवढी रक्कम मोजून बसते, तीही हप्त्याहप्त्याने, त्यामुळे एकूण आकडा घरात कुणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही. पहिल्याच दिवशी कागदावर ही बेरीज मांडून मागा. मांडून द्यायला जो तयार नसेल, त्याच्याकडे पुढे काही विचारायची गरजच नाही.

चक्रं किती, यावरही बिल बदलतं. पूर्णानंदांच्या १५७७ सालच्या ‘षट्चक्रनिरूपण’ या संस्कृत ग्रंथात सहा चक्रं आणि त्यांच्यावर सहस्रार अशी मांडणी आहे. सर जॉन वुड्रॉफ यांनी आर्थर अॅव्हलॉन या नावाने १९१९ मध्ये तो इंग्रजीत आणला आणि सात चक्रांचं चित्र जगभर गेलं. चोआ कोक सुई यांच्या प्राणिक हीलिंगमध्ये मुख्य चक्रं अकरा मोजतात. प्रत्येक चक्राचे वेगळे पैसे लावणाऱ्याकडे गेलात तर सात आणि अकरा यांतला फरक तुमच्या खिशातून जातो. दर चक्रावर ठरवू नका, वेळेवर ठरवा.

मराठी माणसाला हा विषय परका नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं वर्णन आहे आणि घरोघरी ते श्रद्धेने वाचलं जातं. मला त्या परंपरेविषयी आदर आहे, म्हणूनच हे स्पष्ट सांगावंसं वाटतं: तिथे चक्रं ही साधकाने स्वतः करायच्या दीर्घ साधनेचा भाग आहेत. दुसऱ्याने तासाभरात हात फिरवून ती ‘उघडून’ द्यायची आणि त्याचे पैसे घ्यायचे, हा अलीकडचा व्यवहार आहे. अशा बैठकांत वापरली जाणारी रेकी ही हाताने ऊर्जा देण्याची पद्धतसुद्धा जपानची, मिकाओ उसुई यांनी ती १९२२ मध्ये सुरू केली. चक्रांशी तिची सांगड नंतर घातली गेली.

आता मुख्य प्रश्न: पैसे कशाचे द्यायचे? शांत खोली, मंद उजेड, तासभर कुणीतरी आपल्याकडे पूर्ण लक्ष देणं, मोबाइल बंद. मीरा रोडहून रोज चर्चगेटची गर्दी झेलणाऱ्या माणसाला याने हलकं वाटतं आणि ते वाटणं खोटं नसतं. त्या विसाव्याला पैसे द्यावेसे वाटले तर जरूर द्या. पण हाताने ऊर्जा ‘तपासता’ येते, हा दावा निराळा. अमेरिकेत एमिली रोझा या शाळकरी मुलीने तो साध्या पद्धतीने तपासला. पडद्याआडून हात पुढे करायचे आणि तिचा हात आपल्या कुठल्या हाताजवळ आहे ते हीलरने ओळखायचं. २१ हीलरनी २८० वेळा अंदाज केला आणि ४४ टक्के वेळा तो बरोबर आला. नाणं उडवलं असतं तरी निम्मे बरोबर आले असते. १९९८ मध्ये हा अभ्यास ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. चिंता आणि नैराश्यावर रेकीचा उपयोग होतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष २०१५ च्या कॉक्रेन आढाव्याने काढला. तेव्हा विसाव्याचे पैसे द्या, निदानाचे देऊ नका. ऑरा स्कॅनला तर एकही रुपया देऊ नये असं माझं मत आहे. हाताच्या त्वचेची वाहकता मोजून यंत्र फोटोभोवती रंग भरतं. त्यात आजार दिसत नाही.

निदानाच्या पैशांबद्दल एवढं ठासून सांगण्याचं कारण आहे. सतत थकवा येतो, म्हणजे मूलाधार कमकुवत. घशाशी जड वाटतं, म्हणजे विशुद्ध चक्र अडलेलं. असं सांगितलं जातं आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ यांपैकी काहीच तपासलं जात नाही. या चारही तपासण्या खासगी प्रयोगशाळेत साधारण दोन-अडीच हजारांत होतात, म्हणजे दोन बैठकांच्या खर्चात. भाईंदर पश्चिमेच्या भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालयात, म्हणजे आपल्या टेंभा रुग्णालयात, केसपेपर काढून आधी डॉक्टरांना दाखवा. तपासणी आधी, हीलिंग नंतर. आणि चालू असलेली रक्तदाबाची, मधुमेहाची, फिटची किंवा मानसिक आजाराची गोळी हीलरच्या सांगण्यावरून एक दिवसही बंद करू नका.

नावापुढे ‘डॉक्टर’ लावलेलं असेल तर नोंदणी क्रमांक विचारा. नया नगरात युनानी डॉक्टर अनेकांच्या घरचेच झालेले असतात. बीयूएमएस ही युनानीची पदवी घेतलेल्यांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे, म्हणजे आयुर्वेद-युनानीसाठीच्या परिषदेकडे असते आणि ती पडताळता येते. रेकी किंवा प्राणिक हीलिंगची अशी सरकारी नोंदणी नाही. ‘ग्रँडमास्टर’ हे त्या त्या गटाने दिलेलं पद आहे, वैद्यकीय पदवी नव्हे. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, अपस्मार, स्त्रियांचं वंध्यत्व बरं करू, अशी चमत्कारी उपायांची जाहिरात करणं १९५४ च्या औषधे आणि चमत्कारी उपाय कायद्याने गुन्हा आहे. व्हॉट्सअॅपवर तसा मजकूर आला तर पुसू नका, जपून ठेवा. भूतबाधा, करणी किंवा कुणाचा शाप अशी भीती घालून पैसे मागितले, तर २०१३ चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा आहे. नया नगर पोलीस ठाण्यात तक्रार देता येते.

बायकांसाठी आणखी एक. या उपचारात कपडे काढावे लागत नाहीत, स्पर्शही गरजेचा नाही; हात शरीरापासून वर धरूनही काम होतं. बाई हीलर मागा, सोबत बहीण किंवा नणंद न्या, दार आतून बंद करू देऊ नका. ‘डिस्टन्स हीलिंग’साठी फोटो, जन्मतारीख आणि घरातली भांडणं फोनवर सांगावी लागतात. त्याचे तीन-चारशे रुपये स्वस्त वाटतात, पण ती माहिती परत घेता येत नाही.

कमी खर्चात किंवा फुकट काय मिळतं, तेही पाहू. निर्मला देवींनी १९७० मध्ये सुरू केलेल्या सहजयोगात चक्रांचंच ध्यान शिकवतात आणि त्यासाठी शुल्क घेत नाहीत. भाईंदर पश्चिमेहून रस्त्याने गाठता येणाऱ्या गोराईच्या ग्लोबल विपश्यना पॅगोडाच्या आवारात दहा दिवसांची शिबिरं होतात. राहणं-जेवण विनाशुल्क, दान द्यायचं ते शिबिर पूर्ण झाल्यावर, ऐच्छिक. तिथे चक्रांचा विषय नाही, पण मनाला शांतता हवी म्हणून निघालेल्याने आधी हे दार ठोठावावं. शास्त्रशुद्ध आसनं-प्राणायाम शिकायचे असतील तर पश्चिम रेल्वेवरच सांताक्रूझला १९१८ पासूनची योग इन्स्टिट्यूट आहे. झोप लागत नाही, सारखं रडू येतं, जीव नकोसा वाटतो, असं असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक फिरवा. तो चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

एवढं करूनही बैठका घ्यायच्याच असतील तर एका वेळी एकाच बैठकीचे पैसे द्या. पॅकेजची सवलत मोहात पाडते, पण तिसऱ्या दिवशी सोडावंसं वाटलं तर उरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत. परताव्याचा शब्द आधी लेखी घ्या. पैसे यूपीआयने द्या आणि पावतीवर ‘देणगी’ नव्हे, ‘सेवाशुल्क’ लिहून मागा. ग्राहक कायदा मोबदला देऊन घेतलेल्या सेवेला लागू होतो, दानाला नाही. जीएसटी लावला असेल तर पावतीवर हीलरचा जीएसटी क्रमांक हवा. वर्षाला वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या सेवादात्याला नोंदणी सक्तीची नाही आणि नोंदणीशिवाय कर वसूल करता येत नाही. आरोग्य विम्याचा दावा होईल या भरवशावर राहू नका, कारण रेकी आयुषच्या पद्धतींत मोडत नाही.

वाद झाला तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मिटलं नाही तर २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यात, म्हणजे मीरा-भाईंदरकरांना ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्तीही नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. सोबत लागतील ते यूपीआयचे स्क्रीनशॉट, पावत्या, जाहिरातीचा मजकूर आणि पहिल्या दिवशी मांडून घेतलेला तो एकूण खर्चाचा कागद.