परसातल्या फुलांचा शिरका

प्रश्न : आमच्या परसात तुळस आणि गोकर्ण भरपूर आहे, शिवाय मोहाची फुलंही सुकवून ठेवली आहेत. त्यांचा शिरका घरी करता येईल का? (एक वाचक, पेठ)

उत्तर : नक्की करा, ताई. फुलांपासून आंबवून शिरका करण्यापेक्षा तयार शिरक्यात फुलं मुरवणं सोपं आणि सुरक्षित. बाटलीवर ५ टक्के आम्लता लिहिलेला शिरका घ्या; पाणी घालून तो पातळ करू नका, कारण टिकाऊपणा आम्लतेवरच अवलंबून असतो.

पेठच्या पावसात फुलं ओली राहतात, म्हणून उघडीप बघून सकाळी दव सुकल्यावर खुडा. धुऊन कापडावर पूर्ण कोरडी होऊ द्या. उकळत्या पाण्यातून काढून वाळवलेल्या काचेच्या बरणीत १ वाटी फुलांना २ वाट्या शिरका घाला. फुलं बुडालेलीच हवीत. झाकण धातूचं नको, आम्लाने ते गंजतं. अंधाऱ्या, थंड जागी २ आठवडे ठेवून गाळा.

तुळशीच्या मंजिऱ्यांचा वास फार छान उतरतो. गोकर्णाच्या नुसत्या पाकळ्या घ्या. त्यांचा निळा रंग आम्लात जांभळा-गुलाबी होतो, तो बघण्यासारखा असतो. मोहाच्या फुलांत साखर खूप, म्हणून सुकलेली आणि थोडीच घ्या, तो शिरका फ्रीजमध्येच ठेवा. कण्हेर आणि धोतरा विषारी आहेत, त्यांची एक पाकळीही नको. औषध फवारलेली फुलंही टाळा.

गाळलेला शिरका ३ महिन्यांत संपवा. फेस, बुरशी किंवा बुडबुडे दिसले तर सगळा ओतून द्या. काकडीच्या कोशिंबिरीत चमचाभर घालून बघा.