मधल्या सुटींतील डबा

मधल्या सुटीची घंटा होतांच डबे उघडतात आणि "घे, एक घास घे" असा आग्रह सुरू होतो. आम्हींही तो पुष्कळदां केला आहे. आग्रह प्रेमाचा खरा. तथापि एखाद्या मुलाच्या तो जिवावर बेतूं शकतो.

कांहीं मुलांस दूध, अंडें, तीळ, काजू, भुईमूग यांपैकीं एखादा पदार्थ मुळींच सोसत नाहीं. शरीराची संरक्षक यंत्रणा त्या निरुपद्रवी अन्नासच शत्रु समजून त्यावर तुटून पडते. अशा विपरीत प्रतिक्रियेस 'अ‍ॅलर्जी' हें नांव व्हिएन्नाच्या डॉ. पिर्के यांनीं १९०६ सालीं दिलें. हे चोचले नव्हेत. आणि 'थोडें थोडें चारलें म्हणजे संवय होईल' असा प्रयोग घरच्या घरीं करणें घातक आहे.

आमच्या मतें महाराष्ट्रीय घरांत खरी फसगत होते ती शेंगदाण्याच्या कुटानें. अख्खा दाणा डोळ्यांस दिसतो, कूट दिसत नाहीं. साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरलीं वांगीं, सर्वांत तें मिसळलेलें! "माझ्या डब्यांत दाणे नाहींत" असें मूल निष्पापपणें सांगतें, तें म्हणूनच पुरेसें नाहीं. ज्यास अपाय होतो त्यानें आपल्याच डब्यांतील खावें. तो नको म्हणाला तर मित्रांनीं थट्टा करूं नये. चमचाही एकमेकांचा घेऊं नये. खाऊन झाल्यावर हात साबणानें धुवावे; नुसत्या पाण्यानें दाण्याचा अंश पुरता जात नाहीं.

पालकांनीं वर्षारंभींच वर्गशिक्षकांस लेखी कळवावें व डॉक्टरांनीं लिहून दिलेली उपाययोजना औषधासह शाळेंत ठेवावी.

अंगावर गांधी उठणें, ओठ सुजणें, वांति होणें हीं पहिलीं लक्षणें होत. पण आवाज घोगरा झाला, श्वास लागला किंवा घेरी आली, तर क्षणही दवडूं नये. मुलास आडवें निजवावें. धाप लागली असल्यास पाय पसरून बसूं द्यावें. तोंड धुण्यास म्हणून त्यास नळापर्यंत चालवीत नेतात, तेंच बाधतें. रक्तदाब उतरलेला असतां उभें राहिल्यानें हृदयाकडे रक्त परतत नाहीं. यावर पहिलें औषध अ‍ॅड्रिनॅलिन, मांडीच्या बाहेरील अंगास टोंचावयाचें. खाज शमविणारी गोळी त्याची जागा घेऊं शकत नाहीं. ब्रिटनमध्यें २०१७ पासून शाळांस हें औषध राखीव ठेवण्याची कायद्यानें मुभा आहे. लागलीच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी; आणि मूल हंसूं-बोलूं लागलें तरी त्यास रुग्णालयांत नेलेंच पाहिजे, कारण कांहीं तासांनीं तीच लक्षणें पुन्हां उद्भवूं शकतात.