रोहित्र थंड ठेवणारे पाणी

रब्बी हंगामात रोहित्र जळाले की तीर्थपुरीसारख्या (जि. जालना) गावात उभ्या पिकाचे पाणी तुटते. भार वाढला की रोहित्राची वेटोळी तापतात. ती उष्णता तेलावाटे बाहेरच्या नळ्यांत येऊन हवेत विरते. कोयनेसारख्या भूमिगत जलविद्युत केंद्रात मोकळी हवा मर्यादित, पाणी मात्र मुबलक असते. अशा ठिकाणी मोठ्या रोहित्रांतील तेल सहसा पंपाने शीतकात नेऊन पाण्याने थंड करण्यात येते. दोहोंमध्ये धातूच्या नळीची भिंत असते. तेलाचा दाब पाण्यापेक्षा अधिक राखतात. नळी फुटलीच तर तेल पाण्यात जावे, पाणी तेलात शिरू नये. कारण किंचित ओलाव्यानेही तेलाची विद्युतरोधक शक्ती घटते. गावच्या रोहित्रासही हाच नियम लागू आहे : तेल पुरेसे व कोरडे असावे आणि भार क्षमतेइतकाच असावा.