‘नैसर्गिक’ अभिनय : एक शंका

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या सत्रात आमच्या मराठी विभागाने ‘फँड्री’ दाखवला. चित्रपट संपल्यावर सभागृहात थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग चर्चेला सुरुवात झाली आणि पहिलेच वाक्य आले, ‘‘त्या पोराने अभिनय केलाच नाही, तो नुसता जगला.’’ बहुतेकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी जाताना मात्र ते वाक्य सलत राहिले. वास्तविक ते कौतुकाचे वाक्य. त्यात सलण्यासारखे काय असावे? नाट्यशास्त्राचा माझा अभ्यास नाही. जे सुचले ते लिहिते. चुकल्यास जाणकारांनी सांगावे.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१४ मध्ये प्रदर्शित झाला. फँड्री हा कैकाडी बोलीतला शब्द, त्याचा अर्थ डुक्कर. त्यात जब्याची भूमिका करणारा सोमनाथ अवघडे हा सोलापूर जिल्ह्यातील खेड्यातला मुलगा. अभिनयाचे शिक्षण नाही, घरात कोणी नट नाही. २०१३ सालच्या राष्ट्रीय पारितोषिकांत त्याला उत्कृष्ट बालकलाकाराचे पारितोषिक मिळाले; तमिळ चित्रपटातील साधना या मुलीबरोबर ते विभागून होते.

चर्चेनंतर माझ्या डोक्यात किडा शिरला आणि पारितोषिक मिळालेल्या आणखी दोन भूमिका मी मुद्दाम पाहिल्या. एक गजेंद्र अहिरे यांच्या ‘अनुमती’तील विक्रम गोखले यांची. पत्नी बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आहे, उपचार थांबवण्याच्या कागदावर सही करायची की नाही, या पेचात सापडलेला वृद्ध नवरा. खरे सांगायचे तर चित्रपट मला मध्ये मध्ये रेंगाळल्यासारखा वाटला, पण गोखले यांच्यावरून नजर हलत नाही. २०१२ सालचे उत्कृष्ट अभिनेत्याचे राष्ट्रीय पारितोषिक त्यांना इरफान खान यांच्याबरोबर विभागून मिळाले. गोखले यांच्या पणजी दुर्गाबाई कामत यांनी १९१३ साली फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये काम केले. आजी कमलाबाई गोखले त्याच चित्रपटात होत्या. वडील चंद्रकांत गोखले रंगभूमीवरचे नामवंत नट. म्हणजे ही चौथी पिढी.

दुसरी भूमिका ‘चक्र’ (१९८१) मधील स्मिता पाटील यांची. जयवंत दळवी यांच्या कादंबरीवरचा हा रवींद्र धर्मराज यांचा हिंदी चित्रपट. स्मिता पाटील यात झोपडपट्टीतली अम्मा झाल्या आणि ‘भूमिका’नंतरचे दुसरे राष्ट्रीय पारितोषिक त्यांनी मिळवले. त्यातल्या उघड्यावरील आंघोळीच्या दृश्याची तेव्हा फार चर्चा झाली म्हणे. मला त्यापेक्षा त्यांचे नुसते बसणे लक्षात राहिले. पुढाऱ्याच्या घरात वाढलेली, दूरदर्शनवर बातम्या वाचणारी ही मुलगी अशी कशी बसू शकते?

आता गंमत पाहा. स्मिता पाटील यांच्याविषयी जे लिहिले गेले त्यात ‘अभ्यास’ हा शब्द हमखास येतो. त्या भूमिकेसाठी त्या झोपडपट्ट्यांत गेल्या, निरीक्षण केले, असे लेखांत वाचायला मिळते. विक्रम गोखले यांच्याविषयी आपण म्हणतो, अभिनय त्यांच्या रक्तातच होता. आणि सोमनाथविषयी म्हणतो, तो अगदी ‘नैसर्गिक’ आहे. तिघांनीही केले ते एकच काम. पण पहिलीच्या पदरात आपण कष्टाचे श्रेय टाकतो, दुसऱ्याच्या पदरात वारशाचे, आणि तिसऱ्याला सांगतो, बाबा रे, तू काहीच केले नाहीस, तू तसाच आहेस.

‘फँड्री’तला डुकरे पकडण्याचा प्रसंग पुन्हा आठवावा. सारा गाव मजा बघायला जमला आहे. वर्गातली मुले पाहतील, विशेषतः शालू पाहील, म्हणून जब्या आडोशाला लपतो आणि बापाचा मार खातो. पुढे शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि हाती आलेले डुक्कर सोडून सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. बाप झाले आहेत किशोर कदम, सत्यदेव दुबे यांच्या हाताखाली तयार झालेले मुरलेले नट. एकाच चौकटीत ते आणि सोमनाथ धापा टाकत उभे आहेत. यातला शिकलेला कोण आणि न शिकलेला कोण, हे केवळ पडद्यावर पाहून कोणी ओळखून दाखवावे.

लपणे मला ठाऊक आहे. माझी आई आठवडी बाजारात भाजी विकते. आठवीत असताना वर्गातल्या मुली दिसल्या की मी फ्लॉवरच्या पोत्यामागे वाकून बसत असे. पण मी लपत असे ती कोणाला दिसू नये म्हणून. जब्याला असे लपायचे आहे की गावाला तो दिसू नये आणि प्रेक्षकांना मात्र त्याच्या चेहऱ्यावरची लाज दिसावी. तेही समोर कॅमेरा, भोवती अनोळखी माणसे, आणि दिग्दर्शकाने ‘पुन्हा एकदा’ म्हटले की तीच लाज तितकीच परत आणायची. याला जगणे म्हणत नाहीत. जगताना कोणी ‘पुन्हा एकदा’ म्हणत नाही!

हे मी इतक्या ठामपणे लिहिते याला कारण आहे. मागच्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या एकांकिकेत मला भाजीवालीचे काम दिले. ‘‘तुला काय अवघड, तुझ्या घरचेच आहे,’’ असे आमचा विद्यार्थी दिग्दर्शक म्हणाला. मलाही तसेच वाटले. म्हणून तालमीकडे दुर्लक्ष केले. प्रत्यक्ष रंगमंचावर मी रोजच्यासारखी तागडी उचलली, माप टाकले, भाजी ओतली. सगळे इतक्या भरभर झाले की समोरच्यांना काही कळलेच नाही. पाठीमागून कोणी तरी ‘‘काय चाललंय?’’ असे ओरडले. हात कुठे ठेवावा ते मला सुचेना. त्याच एकांकिकेत गिऱ्हाइकाचे काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीने (तिचे वडील बँकेत आहेत) दुसऱ्या प्रयोगात माझी भूमिका केली आणि टाळ्या घेतल्या. मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. भाजीवालीची मुलगी भाजीवालीच्या भूमिकेत पडली, याची मला फार लाज वाटली होती. ‘फँड्री’ पाहिल्यावर ती लाज थोडी कमी झाली. माझे घर खोटे नव्हते. मला अभिनय येत नव्हता, एवढेच. आणि सोमनाथला तो येत होता.

कोणी म्हणेल, त्याच्या अनुभवाचा त्याला उपयोग झालाच असेल. झालाच असणार. गोखले यांनाही वारशाचा झाला असेल. पण अनुभव हा कच्चा माल आहे. ज्वारी घरची असली म्हणून भाकरी आपोआप थापली जात नाही.

त्या चर्चेत हे मी बोलू शकले नाही. पुढच्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी मात्र आईच्या शेजारी बसून मी मुद्दाम तिच्याकडे पाहत राहिले. टोमॅटो तोलताना ती तागडीकडे बघतच नाही. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघते, पारडे स्थिरावेपर्यंत क्षणभर थांबते, आणि शेवटचा टोमॅटो दोन बोटांत धरून, गिऱ्हाइकाला दिसेल असा, वर ठेवते. एकोणीस वर्षांत हे माझ्या लक्षात आले नव्हते. तिला सांगितले तर म्हणाली, ‘‘अगं, त्यांना दिसायला नको का, जास्त दिलं ते?’’